शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ : शिक्षण, प्रवेश आणि आपले दायित्व

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 वार्षिक अहवालात जमाखर्च असतो, नवीन यंत्रसामग्रीची माहिती असते, डॉक्टरांची नावे असतात आणि देणगीदारांची ऋणनिर्देशपूर्वक यादी असते. मात्र ज्यांच्यावाचून शस्त्रक्रियागृहाचे दार उघडत नाही, अशा एका वर्गाचा उल्लेख अशा अहवालांत सहसा आढळत नाही. तो वर्ग म्हणजे शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ. आपल्या रोजच्या भाषेत ओटी टेक्निशियन. हे काम कोणते, ते शिकण्यासाठी प्रवेश कसा मिळतो, आणि आपल्या भागातील मुलामुलींनी त्या शिक्षणाकडे वळावे यासाठी आपल्याला काय करता येईल, या तीन गोष्टी आज आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत.

आपल्या घरातील माणूस शस्त्रक्रियेसाठी आत जातो तेव्हा आपल्याला शल्यविशारदांचे नाव ठाऊक असते, भूलतज्ज्ञांची भेट झालेली असते, सिस्टरही परिचयाच्या असतात. परंतु त्यापूर्वी दोन तास आधी एक माणूस आत येऊन कामाला लागलेला असतो. टेबल वर-खाली नीट होते की नाही, दिवे लागतात की नाही, सक्शन पुरेसे ओढते की नाही, प्राणवायूचा राखीव सिलिंडर भरलेला आहे की नाही, हे तो पाहतो. त्या दिवशीच्या शस्त्रक्रियेला लागणारा हत्यारांचा संच तो काढून ठेवतो. शस्त्रक्रिया चालू असताना लागेल ते यंत्र व साहित्य तो पुरवतो. जेथे तशी नेमणूक असेल तेथे हात निर्जंतुक करून, गाऊन व हातमोजे घालून तो शल्यविशारदांच्या हातात हत्यारे देतो. काढलेला गाठीचा तुकडा तपासणीसाठी योग्य द्रावणात, योग्य नावाच्या चिठ्ठीसह जातो की नाही हेही त्याला पाहावे लागते. सर्व जण बाहेर पडल्यावर हत्यारे धुण्याचे आणि जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या वर्गांत वेगळा करण्याचे काम उरते. ही वर्गवारी २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केलेली आहे.

हे काम पाहून-पाहून शिकता येईल, असे अनेकांना वाटते. जुन्या काळी बहुतेक ठिकाणी ते तसेच शिकले जात असे, आणि त्या पिढीतील ज्येष्ठांच्या हातातील कौशल्याबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. पण पाहून 'कसे' ते समजते, 'का' ते समजत नाही. याचे एक उदाहरण देतो.

ऑटोक्लेव्ह हे यंत्र तत्त्वतः आपल्या घरातील कुकरसारखेच आहे. दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि कापडात गुंडाळलेल्या संचांना त्या तापमानात साधारणतः ३० मिनिटे ठेवावे लागते. संचावर एक पट्टी चिकटवलेली असते. उष्णता लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. न शिकलेला माणूस रेघा पाहून संच निर्जंतुक झाला असे धरून चालतो. शिकलेल्याला ठाऊक असते की त्या रेघा केवळ बाहेरच्या कापडाला उष्णता लागल्याचे सांगतात. डबा ठासून भरला असेल, तर वाफ आतल्या हत्यारापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून संचाच्या आत वेगळी निदर्शक पट्टी ठेवावी लागते, आणि ठरावीक काळाने अतिशय चिवट अशा जिवाणूंचे बीजाणू यंत्रात ठेवून ते खरोखर मरतात का, याची चाचणी घ्यावी लागते. यंत्र तेच, वीज तीच, वेळही तीच. परंतु एका संचाने जखम भरते आणि दुसऱ्याने ती चिघळू शकते. फरक असतो तो यंत्र भरणाऱ्याच्या ज्ञानाचा.

कॉटरीच्या यंत्राचेही तसेच. रक्तस्राव थांबवणाऱ्या या यंत्राची एक पट्टी रुग्णाच्या अंगाला लावावी लागते. ती मांसल भागावर, कोरड्या त्वचेवर, पूर्ण टेकलेली हवी. हाडाच्या उंचवट्यावर किंवा जुन्या व्रणावर लावली, तर त्या जागी भाजण्याचा धोका असतो. आणि भूल दिलेला रुग्ण 'मला चटका बसतो आहे' असे सांगू शकत नाही.

या शिक्षणाचा आणखी एक भाग पुस्तकात मावत नाही. आपल्या घरांतून सोवळे ही कल्पना पिढ्यान् पिढ्या चालत आली. शस्त्रक्रियागृहातील सोवळे जातीचे किंवा कुळाचे नाही, ते जंतूंविरुद्धचे आहे आणि सर्वांना सारखेच लागू आहे. निर्जंतुक हातमोजा टेबलाच्या कडेखाली टेकला तर तो मोजा बाद. तो टेकताना कोणीही पाहिलेले नसते. टेकल्याचे केवळ त्या एका व्यक्तीला ठाऊक असते. अशा वेळी 'थांबा, माझा मोजा बदलावयाचा आहे' असे मोठ्या डॉक्टरांसमोर सांगण्याचे धैर्य अंगी बाणावे लागते. महाविद्यालयातील वर्षे आणि त्यानंतरची आंतरवासिता यांचा मोठा उपयोग ही सवय जडण्यासाठी होतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातील बारकावे आमच्या आवाक्याबाहेरचे. पण शस्त्रक्रियागृहातील एक रिवाज आम्हांला पहिल्या दिवसापासून आपला वाटला, आणि तो म्हणजे मोजणी. शस्त्रक्रियेपूर्वी गॉजचे तुकडे, सुया व हत्यारे मोजून फळ्यावर लिहितात. जखम शिवण्यापूर्वी पुन्हा मोजतात. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक जुळली नाही, तर शोध घेतल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. आमच्या वहीत १० रुपये जुळले नाहीत तर फार तर रात्र जागून काढावी लागते. तेथे गॉजचा एक तुकडा जुळला नाही, तर तो रुग्णाच्या पोटात राहिलेला असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची पडताळणी-सूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर ती मोठ्याने वाचावयाची असते. मोजणी पूर्ण झाल्याचा मुद्दा तीत आहे. जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. त्यांत लंडन व टोरांटो होते, आपली नवी दिल्ली होती, आणि टांझानियातील इफाकारासारखे लहान गावही होते. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. लागली ती शिस्त, आणि ती पाळणारी शिकलेली माणसे. वणीसारख्या गावातील रुग्णालयाला यातून मोठा धीर मिळतो.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्या देशात डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते यांच्यासाठी वैधानिक परिषदा फार पूर्वीपासून आहेत. तंत्रज्ञांना मात्र राष्ट्रीय पातळीवरील कायद्यासाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ व भूल तंत्रज्ञ या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. पदविका किंवा पदवीसाठी २ ते ४ वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण, आणि त्यावरील आरोग्यसेवा व्यावसायिक या श्रेणीसाठी ३ ते ६ वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण, असा दंडक त्यात घातलेला आहे. राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे हाही या व्यवस्थेचा भाग आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने १० व्यवसायांसाठी देशभर समान असे अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. त्यांत भूल व शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञानाचा समावेश आहे.

आपले भाग्य असे की या शिक्षणाचे राज्यातील मुख्य केंद्र आपल्याच रस्त्यावर आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला म्हसरूळ येथे, दिंडोरी-वणी रस्त्यालगत उभे आहे. आपल्या गावाची एसटी रोज त्याच्या प्रवेशद्वारावरून जाते. या विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पॅरावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम ३ वर्षांचा असून त्यानंतर १ वर्षाची आंतरवासिता असते. शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ व भूल तंत्रज्ञ या त्यातील शाखा होत. शिक्षण संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत व त्यांच्या रुग्णालयांत होते. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा मूलभूत विषयांचा पाया घातला जातो आणि मग शाखेचे विशेष शिक्षण सुरू होते.

प्रवेशासाठी मूळ अट अशी की विद्यार्थी बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण असावा. गुणांची मर्यादा, आरक्षण, वयाची अट आणि प्रवेशाचे वेळापत्रक त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते दरवर्षी नव्याने पाहावे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे बारावीच्या निकालापूर्वीच तयार ठेवावीत. निकालानंतर तहसील कचेरीत लागणारी रांग कोणाला सांगावयास नको.

येथे पालकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. या अभ्यासक्रमाचे दार बारावीनंतर उघडत असले, तरी त्याची किल्ली दहावीनंतरच हातात घ्यावी लागते. सुरगाणा, पेठ, कळवण व दिंडोरी तालुक्यांच्या वाड्यापाड्यांवरील आणि आश्रमशाळांतील अनेक हुशार मुली अकरावीला कला शाखेत जातात, कारण जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात तीच शाखा असते. दोन वर्षांनी त्या आमच्याकडे येऊन 'आम्हांला ओटीचे शिक्षण घ्यावयाचे आहे' असे सांगतात, तेव्हा त्यांना पदवीचा रस्ता बंद झालेला असतो. ज्या मुलीला रुग्णसेवेत यावयाचे आहे तिने अकरावीत विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र घ्यावे. शिक्षक बंधू-भगिनींनी हे दहावीच्या वर्गात सांगावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कमी मुदतीत 'हमखास नोकरी' देणाऱ्या जाहिराती एसटी स्थानकांच्या भिंतींवर सर्वत्र दिसतात. आपल्या परिसरातील एका मुलीच्या वडिलांनी द्राक्षाच्या हंगामातील मजुरीची शिल्लक अशा एका संस्थेत भरली. वर्षभराने मिळालेल्या प्रमाणपत्रावर मोठा शिक्का होता, परंतु ते कोणत्याही विद्यापीठाचे वा शासनमान्य मंडळाचे नव्हते. त्या वर्षभरात तिने एकदाही शस्त्रक्रियागृहात पाऊल ठेवलेले नव्हते. मुलगी कष्टाळू व बुद्धिमान होती. पण त्या कागदावर तिला रुग्णाच्या टेबलाजवळ उभे करणे आम्हांला शक्य नव्हते. हे तिच्या वडिलांना समजावून सांगणे फार जड गेले.

म्हणून शुल्काचा एकही रुपया भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा शासनमान्य मंडळाचा आहे? या महाविद्यालयाला त्याची चालू वर्षाची मान्यता आहे का? प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या रुग्णालयात, किती तास होणार? आणि उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी होऊ शकेल का? एकाही प्रश्नाचे उत्तर तोंडी किंवा टाळाटाळीचे मिळाले, तर तेथून परत फिरावे. घरबसल्या मिळणाऱ्या पदवीच्या मोहात तर मुळीच पडू नये. २०२१ च्या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केलेली आहे. पोहणे जसे पत्राने शिकता येत नाही, तसेच हेही.

अंगभूत गुणांविषयी थोडे सांगतो. तासन् तास उभे राहण्याची ताकद हवी, दृष्टी चांगली हवी, रक्त पाहून भोवळ येता कामा नये. कावीळ-बी प्रतिबंधक लशीच्या तीनही मात्रा घेतलेल्या असाव्यात. हात स्थिर हवा आणि जीभ संयमी हवी, कारण आत जे दिसते व ऐकू येते ते गावात बोलावयाचे नसते. लहान गावात या शेवटच्या गुणाची किंमत फार मोठी आहे.

खर्चाचा प्रश्न आपल्या मनात आला असेल. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरता येतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून, तर अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून, अटींच्या अधीन राहून भोजन व निवासासाठी साहाय्य मिळू शकते. नाशिक व कळवण येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत स्वयंम योजनेची चौकशी करता येते. तरीही प्रवेशाच्या वेळी एकदम लागणारी रक्कम, पुस्तके, गणवेश, जाण्यायेण्याचे भाडे आणि शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंतचे महिने ही खिंड उरतेच. हुशार मुले थांबतात ती याच ठिकाणी.

यास्तव आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवीत आहोत. तंत्रज्ञ शिक्षणासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा, मुद्दलाला हात न लावता त्याच्या व्याजातून परिसरातील निवडक विद्यार्थ्यांची ही खिंड भरून काढावी, आणि साहाय्य मान्यताप्राप्त महाविद्यालयातील प्रवेशालाच द्यावे. सुट्टीच्या काळात या विद्यार्थ्यांना आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली जवळून पाहता यावी, अशीही योजना आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो रास्त आहे. ही मुले शिकून नाशिकला, पुण्याला, मुंबईला जातील. मग वणीला काय मिळाले? काही जण जातील, हे आम्ही लपवीत नाही. शहरातील मोठ्या रुग्णालयाइतके वेतन देणे धर्मादाय संस्थेला अवघड आहे. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्याचे घर, शेत व आईवडील येथे आहेत तो येथे राहण्याची शक्यता बाहेरून आलेल्यापेक्षा अधिक असते. आणि जो शहरात जाईल तोही आपल्याला परका होत नाही. गडाच्या घाटातील अपघाताचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा गंभीर रुग्ण आपण रात्री नाशिकला पाठवतो, तेव्हा तेथील टेबलाजवळ कोणीतरी शिकलेला तंत्रज्ञ उभा असावा लागतोच. तो सुरगाण्याचा असेल, तर त्या रुग्णाच्या घाबरलेल्या आईशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलेल.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण यंत्रे दिलीत आणि त्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मृतीच्या पाट्या लागल्या. त्या ऋणाची आम्हांला सदैव जाणीव आहे. पण ताळेबंद लिहिताना यंत्रासमोर दरवर्षी घसारा लिहावा लागतो. काही वर्षांनी त्याची किंमत नाममात्र उरते. शिकलेल्या माणसाचे मूल्य ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही, मात्र ते अनुभवाने दरवर्षी वाढते आणि तो आणखी दोघांना शिकवतो. नवीन ऑटोक्लेव्ह हवेच आहे. ते योग्य रीतीने भरणारे हातही तितकेच हवे आहेत.

धर्मादाय योजनेनुसार ज्या १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, त्यांवरील रुग्णाला दुसरीकडे जाण्याचा पर्याय नसतो. त्याला मिळणारी सेवा मोफत किंवा सवलतीची असली, तरी तिची सुरक्षितता पूर्ण मोलाचीच असली पाहिजे. हा निधी उभारण्यामागे आमची हीच भूमिका आहे.

पुढील वर्षीच्या अहवालात या निधीची जमा बाजू आणि त्यातून शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आम्ही आपल्यापुढे ठेवू. द्राक्षबाग लावणारा पहिल्या वर्षी घडांची अपेक्षा करीत नाही, आणि या शिक्षणाला तर पूर्ण ४ वर्षे लागतात. तेवढा धीर आपण धराल, अशी खात्री आहे. या विषयाची माहिती हवी असल्यास पालकांनी व विद्यार्थ्यांनी कार्यालयीन वेळेत निःसंकोच यावे. माहितीपुस्तिका एकत्र बसून वाचू आणि अर्ज भरण्यासही साहाय्य करू.

 सप्तशृंगी माता सर्वांना आरोग्य देवो.